वारुळावरचें अळंबें : ओळख, काढणी व सावधगिरी

आषाढाचा मुसळधार पाऊस थोडा ओसरून मधून मधून ऊन पडूं लागलें, म्हणजे कोंकणांत व गोव्यांत डोक्यावर खोळ घेऊन पहांटेच रानांत जाणारीं माणसें दिसूं लागतात. दोन प्रहर होण्याच्या आंत त्यांतील कांहीं जण रस्त्याच्या कडेला पानांचे द्रोण मांडून बसतात. द्रोणांत पांढऱ्या-करड्या रंगाचीं, टोंकदार टोपीचीं अळंबीं असतात, आणि तीं नगांवर मोजून विकलीं जातात. ज्या वस्तूची पेरणी कोणी केली नाहीं, जिला खत नाहीं, राखण नाहीं, तिला बाजारांत इतका चढा भाव मिळावा, ही गोष्ट शेतकऱ्यानें विचार करण्याजोगी आहे.

परंतु रानांतील अळंब्यांची दुसरी बाजूही आहे. इ. स. २०२२ च्या एप्रिल महिन्यांत आसामच्या वरच्या भागांत विषारी अळंबीं खाल्ल्यानें थोड्याच दिवसांत १३ माणसें दगावलीं. त्यांत चहाच्या मळ्यांत राबणारीं, रानाशीं रोजचा संबंध असलेलीं माणसें होतीं. म्हणजे 'आम्ही रानांतलीं माणसें, आम्हांस काय शिकवितां' एवढ्यानें भागत नाहीं. अळंबें ओळखण्याचा प्रश्न चवीचा नसून जिवाचा आहे.

अळंब्यांच्या जाती असंख्य आहेत, व त्या सर्वांची माहिती एका लेखांत देणें शक्य नाहीं. दिली तरी तिचा उपयोग होण्यापेक्षां घोटाळाच अधिक होईल. म्हणून येथें एकाच अळंब्याचा, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या अळंब्याचा, विचार केला आहे. त्याची ओळख टोपीवरून सुरू होते, पण पटते ती पायथ्यावरून, हें या लेखाचें सार होय.

नांवें :—

मराठींत अळंब्यास भुईछत्र असेंही म्हणतात. 'कुत्र्याची छत्री' हें नांव लोक बहुधा न खाण्याच्या छत्र्यांस लावतात. गोव्यांत वारुळास 'रोयण' म्हणतात, आणि त्यावरून या अळंब्यांस 'रोयणीचीं अळमीं' हें नांव पडलें आहे. विदर्भाच्या पूर्व भागांत रानांतील खाण्याच्या अळंब्यांस सात्या, टेकोडे अशीं नांवें ऐकूं येतात. एकच नांव दोन गांवीं दोन निरनिराळ्या छत्रांस लावलेलें आढळतें. म्हणून केवळ नांवावर विश्वास ठेवून परगांवचें अळंबें खाऊं नये.

या अळंब्याचें शास्त्रीय कुलनाम टर्मिटोमायसिस असें आहे. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९४२ सालीं तें दिलें. त्याचा अर्थच 'वाळवीची बुरशी' असा आहे. या कुलांत अनेक जाती आहेत. त्यांपैकीं दक्षिण भारतांतील एका जातीचें वर्णन मद्रासच्या के. नटराजन यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलें, व तिला त्याच हाइमचें नांव दिलें.

वाळवीची शेती :—

अळंबें ही वनस्पति नव्हे; ती बुरशी आहे. जमिनीवर दिसणारें छत्र हें तिचें जणूं फळ. तिचें खरें शरीर म्हणजे आंत पसरलेलें पांढऱ्या तंतूंचें जाळें. इतर अळंब्यांचें हें जाळें कुजलेल्या पाल्यांत, लांकडांत किंवा झाडांच्या मुळांशीं असतें. वारुळावरच्या अळंब्याचें जाळें मात्र वाळवीच्या घरांत असतें, आणि तेथें त्याची लागवड वाळवीच करते.

वारूळ बांधणाऱ्या वाळवीच्या कामकरी किडी वाळलेलीं पानें, काटक्या, गवत व लांकूड कुरतडून आणतात. हा कठीण पाला त्यांना सरळ पचत नाहीं. तो एकदां खाऊन व विष्ठेच्या रूपानें बाहेर टाकून त्याचें त्या वारुळाच्या पोटांतील कोठड्यांत स्पंजासारखें सच्छिद्र पोळें रचतात. पाल्याबरोबर बुरशीचे बीजाणु पोटांतून गेलेले असतात. त्यामुळें पोळें रचतांनाच पेरणी होऊन जाते. पुढें पोळ्यावर तंतु पसरतात व बारीक पांढरे मणी धरतात. हे मणी, व तंतूंनीं मऊ केलेलें जुनें पोळें, हा वाळवीचा आहार होय. परकी बुरशी आंत शिरल्यास ती काढून टाकण्याचें काम, म्हणजे एक प्रकारची निंदणीच, वाळवी सतत करीत असते. मनुष्य शेती करूं लागल्यास दहा-बारा हजार वर्षें झालीं असावींत. वाळवीची ही शेती सुमारें ३ कोटी वर्षांची असावी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. दक्षिण भारतांत काम केलेल्या योहान कोनिग या वनस्पतिशास्त्रज्ञानें वारुळांतील या बुरशीच्या पोळ्यांचें वर्णन १७७९ सालींच प्रसिद्ध केलें होतें.

पावसानें जमीन चांगली भिजली म्हणजे पोळ्यापासून मुळीसारखा एक दांडा निघून वर चढूं लागतो, वारुळाची माती भेदून बाहेर येतो, आणि मग त्याचें छत्र उमलतें. पहिल्या पावसांत दिव्यावर येऊन पडणारी पंखवाली वाळवी आपण सर्वांनीं पाहिलेली असते. हीच नवीं वारुळें वसविते. त्या नव्या वारुळांतील पहिल्या कामकरी किडी अन्न शोधण्यास बाहेर पडतात, त्याच सुमारास जुन्या वारुळांवर अळंबीं उगवून आपले बीजाणु विखरतात. नव्या वारुळाला आपलें बियाणें तेथूनच मिळतें.

बाजारांतील बटण व धिंगरी अळंबीं खोलींत, काडावर किंवा तयार खतावर घेतां येतात. वारुळावरच्या अळंब्याची व्यापारी लागवड मात्र आजवर साधलेली नाहीं, कारण वाळवीवांचून तें फळास येत नाहीं. म्हणून जिवंत वारूळ हेंच त्याचें शेत व हेंच त्याचें बियाणें, हें लक्षांत ठेवावें.

काळ व स्थळ :—

कोंकणांत व गोव्यांत हीं अळंबीं मुख्यतः जुलै व ऑगस्ट महिन्यांत, म्हणजे आषाढाच्या उत्तरार्धापासून श्रावण संपेपर्यंत, येतात. आठ-दहा दिवस पाऊस लागून राहिल्यावर उघडीप पडते तेव्हां तीं विशेष दिसतात. देवरायांच्या कडा, डोंगराचे उतार, जुन्या बागांतील न नांगरलेल्या जागा, भातखाचरांचे रुंद बांध हीं त्यांचीं ठिकाणें होत. वारूळ उंचच असलें पाहिजे असें नाहीं. कांहीं वाळवी आपलें घर सर्वस्वीं जमिनीखालीं करते, आणि मग सपाट जागेवरच अळंबीं वर आलेलीं दिसतात.

एकाच जागीं तीं दरवर्षीं बहुधा त्याच सुमारास येतात. जाणत्या घरांत अशा जागांची व दिवसांची आठवण पिढ्यानुपिढ्या ठेवलेली असते, व ती सहसा बाहेर सांगितली जात नाहीं.

तीन साक्षी :—

या अळंब्याच्या खुणा पाठ करण्याची गरज नाहीं. वर सांगितलेला त्याचा जीवनक्रम समजला म्हणजे त्या आपोआप सुचतात. जें छत्र खोल कोठडींतून माती भेदून वर यावयाचें, त्याला लांब मुळी हवी आणि कठीण टोंक हवें. ह्या दोन खुणा, आणि बीजाणूंच्या भुकटीचा रंग ही तिसरी, अशा तीन साक्षी घ्याव्या. तिन्ही जुळल्या तरच पुढें विचार. एक जरी उलट पडली तरी छत्र टाकून द्यावें.

पहिली साक्ष टोपीची. वारुळावरच्या अळंब्याच्या टोपीच्या मध्यावर एक टणक बोंड किंवा टोंक असतें. माती फोडण्याचें काम तेंच करतें. कांहीं जातींत तें कांट्यासारखें अणकुचीदार, तर कांहींत बोथट असतें. त्याचा रंग उरलेल्या टोपीपेक्षां गडद, करडा किंवा तपकिरी असतो. टोपी उमलण्यापूर्वीं घंटेसारखी असते. पुढें ती पसरते व कडेनें उभी चिरते, परंतु मधलें बोंड शेवटपर्यंत राहतें. खालचे पातळ पडदे दाट, पांढरे व देठास न चिकटलेले असून जून झाल्यावर त्यांवर फिकट गुलाबी झांक येते. देठ भरीव व तंतुमय असतो. देठावर कडें असणें किंवा नसणें ही येथें खूण धरूं नये. कारण आपल्याकडील कांहीं जातींस कडें असतें व कांहींस नसतें.

दुसरी साक्ष पायाची, आणि हीच मुख्य. देठ जमिनीजवळ संपत नाहीं. तो मातींत तसाच पुढें जाऊन मुळ्याच्या शेपटीप्रमाणें निमुळता होत होत थेट वाळवीच्या पोळ्यापर्यंत पोंचलेला असतो. ही मुळी कधीं वीतभर, कधीं हातभरही लांब असते. तिच्या बुडाशीं पिशवी, वाटी किंवा कांद्यासारखा गोळा नसतो.

प्रस्तुत लेखक दहा-बारा वर्षांचा असतांना शेजारच्या एका वृद्ध काकींबरोबर अळंब्यांस गेला होता. घाई करून त्यानें चार छत्रें कोयतीनें वरच्यावर कापून टोपलींत टाकलीं. परत निघण्यापूर्वीं काकींनीं टोपली पानावर ओतली, आणि एकेक अळंबें उलटें करून पाहिलें. तीं चार छत्रें दिसावयास इतरांसारखींच होतीं, तरी त्यांनीं तीं दूर फेकलीं. 'काकी, तीं वाईट आहेत काय ?' असें विचारतां त्या म्हणाल्या, 'वायट आसत असा मी म्हणूक नाय. पण झिला, टोपी काय बघतस ? पाय बघ. ह्येंका पायच नाय.' तीं छत्रें चांगलीं कीं वाईट, हा प्रश्नच त्यांच्यापुढें नव्हता. ज्याचा पाय दिसला नाहीं तें टोपलींत राहावयाचें नाहीं, एवढाच त्यांचा नियम होता. लेखकास पुढें पुस्तकांत जें वाचावयास मिळालें त्यानें ह्या नियमास बळकटीच आली.

तिसरी साक्ष भुकटीची. ही घरीं घ्यावयाची आहे. पूर्ण उमललेल्या एका अळंब्याचा देठ कापून टोपी अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर, पडदे खालीं करून ठेवावी, आणि वर वाटी उपडी घालावी. रात्रभरांत बीजाणूंची नाजूक भुकटी कागदावर पडते. वारुळावरच्या अळंब्याची भुकटी फिकट गुलाबीसर असते. पांढरी शुभ्र किंवा हिरवट भुकटी पडल्यास सगळी टोपली फेकून द्यावी. रात्रभर थांबल्यानें चव थोडी उतरेल. पण नव्या जागेचें अळंबें असतां, किंवा काढणारा नवशिका असतां, एवढें थांबणें अवश्य आहे.

एकच साक्ष पुरेशी कां नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. गुलाबी भुकटीचीं दुसरीं छत्रें आहेत, व त्यांतील कांहीं विषारी आहेत. परंतु त्यांना अशी खोल मुळी नसते. उलट जमिनींत पुरलेल्या लांकडावर उगवणाऱ्या कांहीं छत्रांस लांब मुळी असते. परंतु त्यांची भुकटी पांढरी पडते. वारुळाजवळ उगवलें म्हणून तें वारुळाचेंच, असेंही नाहीं; तेथील गवतांत दुसरें छत्र येऊं शकतें. एका साक्षीवर निकाल देणारा पंच येथें फसतो.

फसविणारीं छत्रें :—

पहिलें व सर्वांत घातक छत्र अमानिटा कुलांतील. आपल्या घाटांतही या कुलाचीं छत्रें उगवतात. त्यांतील सर्वच विषारी नाहींत; परंतु जगांत अळंब्यांच्या विषानें जे मृत्यु होतात त्यांपैकीं बहुतेक या कुलांतील थोड्या जातींमुळें होतात. त्यांचे पडदे पांढरे, भुकटी पांढरी, देठावर बहुधा पातळ कडें, आणि देठाचें बूड एका पिशवींत किंवा वाटींत बसलेलें असतें. ही पिशवी मातींत असते. छत्र वरच्यावर कापलें म्हणजे विषाची मुख्य खूण जमिनींतच राहते, व घरीं येतें तें एक स्वच्छ, सुरेख, पांढरें अळंबें. पाय पाहिल्यावांचून अळंबें घेऊं नये, हें सांगण्याचें कारण हें आहे.

दुसरें छत्र क्लोरोफायलम नांवाचें. पावसाळ्यांत गवताळ जागीं, खताच्या ढिगाजवळ, घराच्या परसांतसुद्धां हें मोठ्या ताटलीएवढें वाढतें. टोपी पांढरी असून तिच्यावर तपकिरी खवले असतात. देठावर कडें असतें, व बूड थोडें फुगीर असतें. जून झाल्यावर त्याचे पडदे व भुकटी हिरवट होतात. पण कोंवळेपणीं पडदे पांढरेच असतात. म्हणून कोंवळ्या अवस्थेंत तें ओळखणें कठीण जातें. यानें मृत्यु क्वचित् येतो, तरी जोराच्या वांत्या व जुलाब होऊन माणूस निपचित पडतो.

तिसरी गोष्ट कळ्यांची. न उमललेल्या कळ्यांस चव अधिक म्हणून भाव चांगला मिळतो. परंतु कळींत पडद्यांचा रंग कळत नाहीं, भुकटी पडत नाहीं, आणि अमानिटाची कळी तर अंड्यासारखी झांकलेली असते. नवशिक्यानें कळ्या मुळींच घेऊं नयेत.

वारुळाच्या अळंब्यांची एक अगदीं लहान जातही आहे. तिच्या टोप्या दोन-अडीच सेंटिमीटरांहून मोठ्या होत नाहींत, पण तीं शेंकडोंनीं एका जागीं उगवतात. वाळवीनें पोळ्याचे तुकडे वर आणून टाकलेले असतात, त्यांवर हीं येतात. त्यामुळें त्यांस खोल मुळी नसते, आणि वर सांगितलेली मुख्य साक्ष त्यांना लागू पडत नाहीं. तीं खाण्याजोगीं असलीं तरी जाणत्या माणसानें प्रत्यक्ष दाखविल्यावांचून घेऊं नयेत.

खोट्या परीक्षा :—

विषारी अळंबें शिजवितांना चांदीचें नाणें काळें पडतें, लसूण किंवा तांदूळ रंग बदलतो, किड्यांनीं खाल्लेलें तें बिनविषारी, चिंच किंवा मीठ घालून उकळल्यास विष उतरतें, असे समज पुष्कळ ठिकाणीं आहेत. हे सर्व खोटे आहेत. अमानिटाचें विष नाणें काळें करीत नाहीं. गोगलगाई व किडे तें छत्र खाऊन सुखरूप राहतात. आणि उकळल्यानें, तळल्यानें किंवा वाळविल्यानें तें विष नाहींसें होत नाहीं. ज्यांनीं हे विषारी छत्र चुकून खाल्लें व जे वांचले, त्यांतील कित्येकांनीं त्याची चव चांगली होती असेंच सांगितलें आहे. म्हणजे जीभही येथें राखणदार नव्हे.

काढणीची रीत :—

अळंबीं सकाळीं लवकर काढावीं; उन्हें चढलीं म्हणजे त्यांत किडे पडूं लागतात. देठाच्या बाजूनें बोट किंवा बोथट काठी मातींत घालून माती सैल करावी, आणि देठ बुडाशीं धरून हलक्या हातानें थोडा पीळ देत वर ओढावा. मुळीचा लांब, निमुळता भाग त्याबरोबर येतो व तिची साक्ष तेथल्या तेथें घेतां येते. मुळी खालीं तुटली तरी हरकत नाहीं, पोळें शाबूत राहतें. मात्र वीतभर तरी निमुळती मुळी हातीं आली पाहिजे. जें छत्र मुळी दाखविणार नाहीं तें तेथेंच टाकावें. मागें राहिलेलें भोंक मातीनें बुजवावें.

कुदळ, पहार किंवा फावडें वारुळास कधींही लावूं नये. खालीं अजून अळंबीं असतील या आशेनें वारूळ उकरणारा मनुष्य चार अळंब्यांसाठीं पुढील अनेक वर्षांचें पीक घालवितो. तसेंच सर्व अळंबीं खुडून नेऊं नयेत. पूर्ण पसरलेलीं, कडा फाटलेलीं, जून अळंबीं तशींच ठेवावीं. तीं खाण्यास तितकीं रुचकर नसतात, पण बीजाणु तींच विखरतात.

वाळवी ही शेतकऱ्याची शत्रु नव्हे काय, असें कोणी विचारील. उंसाचें बेणें, कोंवळीं कलमें, घराचें लांकूड यांस ती उपद्रव देते, हें खरें. आणि जेथें उपद्रव असेल तेथें तिचा बंदोबस्त करण्यास हरकत नाहीं. परंतु बांधावरचें, देवराईंतील किंवा पडीत जागेंतील वारूळ केवळ वारूळ म्हणून फोडण्यांत लाभ नाहीं. तेथें ती वाळलेला पाला मातींत मिळविते, जमिनींत हवा व पाणी खेळवते, आणि वर्षांतून एकदां हें पीक देते. गोव्यांत व दक्षिण कोंकणांत सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपानें होते, व नागपंचमीस पुष्कळ ठिकाणीं वारुळास दूध वाहतात. पूजेच्या दिवशीं नमस्कार करून दुसऱ्या दिवशीं तेंच वारूळ पहारीनें फोडणें हें बरें नव्हे.

ज्या वारुळावर वाळवीचें औषध ओतलें आहे तेथील अळंबीं घेऊं नयेत. फवारलेल्या बागांतील, हमरस्त्याच्या कडेचीं व उकिरड्याजवळचींही टाळावीं; अळंबें आसपासच्या मातींतील विषारी द्रव्यें आपल्यांत ओढून घेतें. दुसऱ्याच्या मालकीच्या जागेंत त्याची परवानगी घ्यावी. अभयारण्यांत व राष्ट्रीय उद्यानांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें परवानगीवांचून वनांतील कोणताही पदार्थ नेण्यास मनाई आहे, हेंही विसरूं नये.

घरीं आणल्यावर :—

बांबूच्या टोपलींत पानें घालून त्यांत अळंबीं आणावीं. प्लॅस्टिकच्या पिशवींत तीं घामेजून लवकर नासतात. माती खरवडून दोन-तीन पाण्यांत धुवावीं. मुळीचा चिवट भाग काढून टाकावा. भुकटीची साक्ष घ्यावयाची नसल्यास तीं त्याच दिवशीं शिजवावीं. घ्यावयाची असल्यास रात्रभर थंड जागीं मोकळीं ठेवून दुसऱ्या सकाळीं शिजवावीं. वास आलेलें किंवा चिकट झालेलें अळंबें खाऊं नये.

कच्चीं किंवा अर्धवट शिजलेलीं अळंबीं पचनास जड जातात. कोंकणांत कांदा, ओलें खोबरें, धणे-मिरचीचें वाटण व दोन सोलें घालून सुकें करतात. गोव्यांत तोणाक किंवा शाकुती करतात. मसाला बेताचा घालावा, नाहींपेक्षां अळंब्याची मूळची चव झांकून जाते. पहिल्यांदा खाणाऱ्यानें थोडेंच खावें. लहान मुलांस व गरोदर स्त्रियांस नव्या जागेचें अळंबें देऊंच नये. प्रत्येक वेळीं एक-दोन कच्चीं अळंबीं, मुळीसकट, कागदांत गुंडाळून दोन दिवस थंड जागीं ठेवण्याची संवय लावून घ्यावी. कांहीं बाधा झालीच, तर इस्पितळांत त्यांचा फार उपयोग होतो.

विषबाधा झाल्यास :—

खाल्ल्यानंतर तास-दोन तासांत वांत्या होऊं लागल्या तर विष बहुधा पोटाचें असतें. तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊं नये, कारण एकाच भाजींत दोन प्रकारचीं छत्रें असूं शकतात. परंतु ६ ते २४ तासांनीं, म्हणजे जेवण विसरून गेल्यावर, जोराचे जुलाब, वांत्या व पोटांत कळा सुरू झाल्या, तर तें अमानिटाचें विष असण्याचा मोठा संभव असतो. याची रीत कपटी आहे. एक-दोन दिवसांनीं रोग्यास बरें वाटूं लागतें व घरचे लोक निश्चिंत होतात. पण त्याच वेळीं यकृताचा नाश चाललेला असतो, आणि पुढें कावीळ होऊन रोगी हातचा जातो.

म्हणून बरें वाटलें तरी इस्पितळांतून घरीं परतण्याची घाई करूं नये. रोग्यास ताबडतोब मोठ्या इस्पितळांत न्यावें. उरलेली भाजी व कच्चीं अळंबीं बरोबर घ्यावीं. खाल्ल्याची वेळ डॉक्टरांस नेमकी सांगावी. त्या पंक्तीस बसलेल्या सर्वांनीं, त्रास होत नसला तरी, तपासून घ्यावें. अंगारे, झाडपाल्याचे काढे किंवा घरगुती उतारे यांत एक तासही दवडूं नये.

समारोप :—

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा लेख वाचून कोणीही एकट्यानें रानांत जाऊन अळंबीं खाण्यास सुरुवात करूं नये. लेखाचा उपयोग इतकाच, कीं जाणत्या माणसाबरोबर गेलें असतां काय पाहावें व काय विचारावें हें कळावें. दोन-तीन पावसाळे अशा माणसाबरोबर, त्याच जागीं, तेंच अळंबें उलटें करून पाहिलें म्हणजे डोळा तयार होतो.

अशीं जाणतीं माणसें प्रत्येक गांवांत अजून आहेत. पण त्यांतील बहुतेक वृद्ध आहेत, आणि मुलें नोकरीसाठीं शहरांत गेलीं आहेत. वारूळ फोडलें गेलें तर एका जागेचें पीक जातें. जाणतें माणूस कोणास न शिकवितां गेलें तर साऱ्या गांवाची ओळख जाते, आणि मग मागें राहतात त्या फक्त सारख्या दिसणाऱ्या टोप्या. म्हणून येत्या श्रावणांत आमच्या शेतकरी बंधूंनीं व भगिनींनीं घरांतील एक तरी मूल अशा माणसाबरोबर रानांत पाठवावें. आपल्या भागांत या अळंब्यास काय म्हणतात, व तें कोणत्या आठवड्यांत उगवतें, याची टीपही घरच्या वहींत दरवर्षीं करून ठेवावी. जागा मात्र आपल्यापाशींच ठेवावी.